वाट्याचा घास

भिवराबाईनं धुवायला आलेला नवऱ्याचा सदरा आधी नाकाशी धरला. शेणाचा वास होता, कडब्याचा होता. भज्यांच्या तेलाचा नव्हता. तरी तिनं खिसे उलटे करून पाहिले. शेवेचा कण नाही.

मग साखर वाढत होती ती कशानं?

पाऊस नाही, चारा नाही, म्हणून शहादेव तीन महिने जनावरं घेऊन चारा छावणीत राहत होता. पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. रक्तातली साखर महिनाभरात आटोक्यात आली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. खाणं तोडू नका, बदला, असंही म्हणाले होते. दुपारच्याला शेव-जिलबीऐवजी मूठभर फुटाणे, भाजके शेंगदाणे, वाफवलेली मटकी. शहादेवची जीभ चटावलेली, म्हणून ती फुटाण्यांना लसणाचं तिखट चोळून, वर लिंबू पिळून डबा धाडायची. डबा रिकामा यायचा आणि तपासणीत आकडा चढायचा. हॉटेलाची पायरी चढलो नाही, अशी शहादेव तिच्या गळ्याची शपथ घ्यायचा.

"माणूस गळ्याची शपत घेतो, तवा त्याच्या गळ्याखाली कायतरी उतरलेलं असतंय," ती शेजारणीला म्हणाली, आणि मंगळवारी न सांगता छावणीवर गेली.

फाटकाजवळच्या हॉटेलात तिनं आडून आडून चौकशी केली. हॉटेलवाला तात्याबा कढईतून मान वर न करता म्हणाला, "आक्का, दाजी हितून जाताना नाक दाबून जातेत."

तिला तात्याबाचाही संशय आला.

गोठ्यामागं मात्र तिला सगळं दिसलं. पाच-सहा जण एका पसरलेल्या धोतराभोवती बसले होते. छावणीत कुणी एकट्यानं खायचं नाही, सगळ्यांचे डबे एकत्र. तिचे फुटाणे मूठ मूठ वाटले गेले. बाकीच्या डब्यांत साखर-भाकरी. भाजीपाला करपून गेलेला. त्यांच्या घरांत उरली होती ती कारखान्यानं सभासदांना स्वस्तात दिलेली साखरच. एका गाईसाठी छावणीत राहिलेल्या म्हाताऱ्या बायनाबाईनं भाकरी साखरेत कुस्करून एक मुटका शहादेवच्या तळव्यावर ठेवला. त्यानं खाली मान घालून खाल्ला.

भिवराबाईनं त्याला पाण्याच्या टाकीमागं बोलावलं.

"एकदा नको म्हनून बघितलं," तो म्हणाला. "म्हातारीला वाटलं, आपलं अन्न चालंना. दोन दिस गाईपाशी उपाशी बसली. डबाच उघडला न्हाई."

"आन् अंगठा?"



दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांना पुरतील एवढे फुटाणे घेऊन आली आणि नवऱ्याला लागून बसली. बायनाबाईचा मुटका आला तसा तिनं आपला तळवा पुढं केला.

"यांचा वाटा आजपासनं मला, मामी."

"कावून?"

"लांबून चालत येते. लई भूक लागती."

बायनाबाई तिच्याकडे बघत राहिली. विश्वास बसला की नाही, कळलं नाही. मग तिनं मुटका तळव्यावर ठेवला, आणि आपल्या वाट्यातला अर्धा मोडून त्यावर ठेवला.

भिवराबाई घरून पोटभर जेवून निघाली होती. तिनं दोन्ही घास शेवटच्या कणापर्यंत खाल्ले.