कमरेएवढं घर

त्या घरात जमिनीवर काहीच नसायचं. चपलांचं कपाट भिंतीला छातीएवढ्या उंचीवर ठोकलेलं, बाळाच्या आंघोळीचा टब ओट्यावर, लंगोट बदलायचे ते जेवणाच्या टेबलावर, आणि कचऱ्याचा डबासुद्धा स्टुलावर चढून बसलेला. शेजारच्या आजी एकदा म्हणाल्याच, "काय गं, तिसऱ्या मजल्यावर पूर येतो की काय तुमच्याकडे?"

"ढब्बू रांगायला लागलीय ना आजी. दिसेल ते तोंडात घालते," ढब्बूची आई हसून म्हणाली.

आठ महिन्यांच्या पोरीच्या नावावर खपणार नाही असं खोटं जगात फार थोडं असतं. आजींनीही ते मुकाट्यानं घेतलं.

खरं कारण वेगळं होतं. तिच्या नवऱ्याला वाकता येत नव्हतं. आणि तिचा नवरा देशाच्या संघातून क्रिकेट खेळत होता.

बाहेर लोक त्याला 'लॉटरी' म्हणत. लागली तर लागली. एका सामन्यात नव्वद धावा काढून वर चार बळी घ्यायचा, लोक त्याला डोक्यावर घ्यायचे. पुढच्या तीन सामन्यांत मिळून अकरा धावा, आणि चेंडू कुठे पडतोय ते त्याचं त्यालाच ठाऊक नसायचं. सध्या तर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय होता. दोन वर्षांसाठी कायम खेळाडूंची यादी ठरायची होती. यादीत नाव आलं की एखाद-दुसरा सामना फसला तरी जागा शाबूत. नाही आलं, तर प्रत्येक सामन्याआधी जीव टांगणीला. असल्या बेभरवशाच्या माणसाला कायम जागा द्यावी का, यावर टीव्हीवर चार कोटवाले रोज तासभर भांडत.

औषधाच्या दुकानातही तेच. ती बाळाचं ग्राइप वॉटर घ्यायला गेली, तर दुकानदार बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण साहेबांना कायम ठेवायचं म्हणजे घरात मांजर पाळल्यासारखं आहे. मनात आलं तर उंदीर धरणार, नाहीतर उन्हात लोळणार."

"मांजराला निदान कुणी टीव्हीवरून शिव्या देत नाही," ती म्हणाली. मागचं गिऱ्हाईक फिसकन हसलं. ती बाटली घेऊन बाहेर पडली आणि कोपऱ्यापर्यंत ढब्बूच्या दुपट्याच्या टोकानं डोळे पुसत गेली.

त्या कोटवाल्यांना जे कळत नव्हतं ते तिला पाठ होतं. सामन्याच्या सकाळी पाठीत चोरून घेतलेलं इंजेक्शन लागू पडलं की नव्वद. नाही पडलं की शून्य. बस, एवढीच लॉटरी.

सात महिन्यांपूर्वी दोघं परगावच्या, क्रिकेट न बघणाऱ्या एका डॉक्टरांकडे खोट्या नावानं जाऊन आले होते. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दिव्यासमोर धरला. "मणक्याला केसाएवढा तडा आहे. सहा महिने चेंडू हातात धरायचा नाही. धरलात, तर एक दिवस पायाला चल म्हणाल आणि पाय ऐकणार नाही." गाडीत बसल्यावर त्यानं फोटोचं पाकीट मागच्या सीटवर टाकलं. मग म्हणाला, "एकदा यादी होऊ दे. कायम झालो की हक्कानं विश्रांती मागता येईल. आत्ता मागितली तर उद्या माझ्या जागी दुसरा उभा." तिला ते पटलं होतं. पटवून घेतलं होतं म्हणा. घरी आल्यावर त्यानं तिच्या फोनमधून डॉक्टरांचा नंबर पुसून टाकला आणि तिनं स्टूल आणून कचऱ्याचा डबा वर चढवला.

पण गेल्या आठवड्यात त्याच्या शर्टाच्या खिशात तिला पुढच्या दौऱ्याचा कागद सापडला. यादी लागल्यावर तीन आठवड्यांत निघायचं, पाच सामने, आणि खाली 'निवड झाल्यास तयार' म्हणून त्याची सही. विश्रांतीचं कुठे नावही नव्हतं. तिनं कागद होता तसा घडी करून परत ठेवला. त्या रात्री ढब्बूला थोपटताना तिचा हात मध्येच थांबायचा, आणि पोरगी डोळे उघडून तिच्याकडे बघायची.

अशात एका दुपारी सर आले.

सर म्हणजे त्याचे पहिले गुरू, आता निवड समितीतल्या पाचांपैकी एक. "पोरीला बघायला आलो," ते दारातच म्हणाले, आणि ते खरंही असावं. लाकडी खुळखुळा घेऊन आले होते. पण समितीतले चौघं दोन-दोन असे विभागलेत आणि घोडं सरांपाशी अडलंय, हे पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. नवऱ्याचा चेहरा उजळला. त्यानं तिला हळूच खूण केली: आता काळजी नाही.

चहा झाला. सर ढब्बूला मांडीवर नाचवत होते. मग त्यांनी तिला खाली सतरंजीवर सोडलं. पोरगी खुळखुळा टाकून थेट बापाकडे रांगत गेली, त्याच्या पायाला धरून उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले.

"अगं, तुझी मुलगी," तो लाडानं म्हणाला.

ती पुढे झाली, पोरीला उचललं आणि त्याच्या छातीपाशी नेऊन दिलं. त्यानं घेतलं. पापणी लवायच्या आत झालं सगळं. महिनोन्‌महिने सराव केलेली गोष्ट होती ती. पाहुण्यांसमोर आजवर एकदाही चुकली नव्हती.

पण सरांची सगळी हयात मैदानाच्या कडेला उभं राहून पोरांच्या कमरा न् गुडघे बघण्यात गेली होती. त्यांनी कप ठेवला. चपलांच्या कपाटाकडे पाहिलं. स्टुलावरच्या डब्याकडे पाहिलं. ओट्यावरच्या टबाकडे तर जरा जास्तच वेळ पाहिलं. ज्या मांडणीनं दुखणं झाकायचं तिनंच ते दाखवलं होतं, आणि ती मांडणी एकेक करून तिनं स्वतःच्या हातानं रचली होती.

"गड्या," सर म्हणाले, "माझा चष्मा राहिला बघ गाडीत. आणतोस?"

तो गेला. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला.

"किती दिवस झाले, सूनबाई?"

ती ढब्बूची लाळ पुसत राहिली.

"परवा सकाळी मला हात वर करायचाय. मी हो म्हटलं की तो दोन वर्षं कायम. पाठ ठीक आहे एवढं म्हण, मी डोळे झाकून हो म्हणतो. विश्वास ठेवीन तुझ्यावर."

"सर, तुम्ही त्यालाच का नाही विचारत?"

"तो खोटं बोलेल. मी त्याच्या जागी असतो तर मीही बोललो असतो." सरांनी खुळखुळा उचलून टेबलावर ठेवला. "फलंदाज होता गं तो. अस्सल. माझ्याकडे एक गोलंदाज कमी होता, म्हणून मी सोळा वर्षांच्या पोराच्या हातात चेंडू दिला. दिवसाला वीस-वीस षटकं टाकून घेतली. हाडंसुद्धा भरली नव्हती. लोक म्हणाले, सरांनी अष्टपैलू घडवला. मीही छाती फुगवून फिरलो."

खाली गाडीचं दार लागलं. तिनं मनातल्या मनात मजले मोजले. 'ठीक आहे' म्हणायला अर्धा क्षणही लागला नसता. नवऱ्याचं आयुष्यभराचं स्वप्न त्या दोन शब्दांवर उभं होतं. आणि पाच सामने, आणि त्यानंतर अजून किती कुणास ठाऊक. लिफ्ट वर यायला लागली.

"तडा आहे," ती म्हणाली. "सात महिने झाले."

सरांनी मान हलवली. "मी हे समितीत सांगणार नाही. दुखणं लपवलं म्हणून त्याला कायमचं बाहेर काढतील. बेभरवशाचा आहे, एवढंच म्हणेन. तूही सांगू नकोस. मला शिव्या घालू दे त्याला. तेवढं माझं देणं आहे."

दार उघडलं. "सर, गाडीत चष्मा नाहीये."

"असं होय? मग खिशातच असेल," सर म्हणाले, आणि खिशातून चष्मा काढला.

यादी लागली. त्यात त्याचं नाव नव्हतं; दौराही गेला. तीन विरुद्ध दोन, आणि तिसरं मत कुणाचं हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

त्यानं आदळआपट केली नाही. नुसता कोचावर ताठ बसून राहिला. "म्हातारा माझ्या घरी चहा पिऊन गेला," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "माझ्या पोरीला मांडीवर घेतलं त्यानं." ती जवळ जाऊन बसली. त्यानं तिचा हात घट्ट धरला. "तू आहेस म्हणून," तो म्हणाला, आणि तिला वाटलं, आता जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं.

सकाळी ती उठली तर तो कसेबसे बूट चढवून तयार. "तीन महिन्यांनी यादीतली एक जागा भरायचीय. दिवसाला तीस षटकं टाकतो. बघू दे म्हाताऱ्याला कोण बेभरवशाचा ते."

दार लागलं, आणि ती बाळाची बाटली हातात धरून तशीच उभी राहिली. अर्धं खरं सांगून तिनं त्याला वाचवलं नव्हतं, उलट चेतवलं होतं. जे थांबावं म्हणून तोंड उघडलं, तेच आता दुप्पट होणार होतं. तिनं ढब्बूला कडेवर घेतलं आणि रिक्षा केली.

मैदानावर दुसरं कुणी नव्हतं. माळी पाइपानं एका कडेला पाणी मारत होता. जाळीत पलीकडे एकच स्टंप रोवलेला, आणि तो धावायच्या खुणेवर उभा होता.

"तू इथे कशाला? ऊन लागेल तिला."

"सरांना मी सांगितलं," ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याचा चेहरा पुसल्यासारखा झाला.

"त्यांनी विचारलं, की तू आपणहून?"

"त्यांनी विचारलं."

"मग खोटं बोलता आलं नाही तुला?"

"आलं असतं."

त्यानं हातातला चेंडू एकदा फिरवला. "घरी जा," तो म्हणाला आणि पाठ फिरवून खुणेकडे चालू लागला.

ती गेली नाही. तो धावत आला आणि चेंडू टाकला. स्टंप उडाला. माळ्यानं वळून पाहिलं. दुसरा चेंडूही सुरेख पडला. तिसऱ्यानंतर तो गुडघ्यांवर हात टेकून क्षणभर थांबला. चौथ्यानंतर जरा जास्त. पाचवा चेंडू जाळीच्या छताला लागला. सहावा टाकला आणि तो तसाच ओणवा राहिला, तो राहिलाच. ती धावली, पण त्यानं न बघता तळहात दाखवला. ती थांबली. ढब्बू "बा, बा" करत त्याच्याकडे झेपावत होती, आणि तिला आवरताना तिचे हात दुखून आले.

"त्या डॉक्टरचा नंबर आहे?" तो जमिनीकडे बघत म्हणाला. "नसेल. मीच पुसला होता."

"आहे. शिंप्याच्या नावानं ठेवलाय."

त्याला हसू फुटलं. ते अर्ध्यातच कळ होऊन अडकलं, आणि नाकावरून घाम ओघळला की डोळ्यांतून पाणी, तिला कळलं नाही.

"लाव," तो म्हणाला. "बोल पण तूच. मला नाही जमणार."

तिनं फोन लावला. खरं नाव सांगितलं. पलीकडे डॉक्टरांनी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "मी सांगितल्यानंतर किती दिवस चेंडू टाकत होते?"

माळ्यानं पाणी बंद केलं होतं. नवरा डोळे मिटून ओणवाच उभा होता, उजव्या पायाचा अंगठा बुटात हलतोय का ते बघत असल्यासारखा.

"आत्तापर्यंत," ती म्हणाली.