पावण्याची वाकळ

मित्रांनो, आमच्याकडे प्रत्येक घरात दोन प्रकारच्या वाकळी असतात. एक पेटीत असते आणि एक अंगावर असते. पेटीतली पावण्यांसाठी, अंगावरची घरच्यांसाठी. मी अंगावरची. जुनी आहे, कडेचे दोरे सुटले आहेत आणि माझ्या अंगाला डिझेलचा वास येतो. शहरातले लोक मला गोधडी म्हणतात. म्हणोत. वाकळीला कोणी विचारून हाक मारत नाही.

माझा जन्म शिरोळ तालुक्यातल्या एका गावात, तानाबाईंच्या मांडीवर झाला. त्यांचा मुलगा जोतीराम ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागला, त्या उन्हाळ्यात त्यांनी मला शिवायला घेतलं. स्वतःचं हिरवं इरकली लुगडं, आपल्या मालकांचं, म्हणजे जोतीरामच्या वडिलांचं धोतर आणि त्यांच्या फेट्याचा उरलेला तुकडा माझ्या पोटात घातला. शेवटचा टाका घालायच्या आधी कोपऱ्यात भाकरीचा एक कोर शिवला. वाकळ उपाशी राहू नये म्हणून तसं करतात. मग दाताने दोरा तोडून त्या म्हणाल्या, "परमुलखात झोपणार माझं लेकरू. आईच्या लुगड्यात तरी झोपंल."

त्या दिवसापासून मी जोतीरामच्या ट्रकमध्ये राहिले. कोल्हापूरच्या कारखान्यांत ओतलेले लोखंडी भाग घेऊन आम्ही चेन्नईकडे जायचो. ड्रायव्हरच्या सीटमागे एक फळी असते, तिच्यावर माझा संसार होता. थंडीत मी पांघरूण व्हायचे, उन्हाळ्यात अंथरूण, आणि पंक्चर काढताना जोतीरामच्या गुडघ्यांखालची गादी. या तिन्ही कामांत माझी कधी तक्रार आली नाही. कौतुकही फार झालं नाही, पण एकदा एका पंजाबी ड्रायव्हरने मला हात लावून पाहिलं आणि मान हलवली. ते मी अजून जपून ठेवलं आहे.

जोतीरामचं लग्न झालं. संयोगिता घरात आली, पुढे निशिगंधा जन्मली. माझा एक कोपरा दाराच्या खिळ्याला अडकून फाटला, तेव्हा संयोगिताने त्यावर निशूच्या पहिल्या झबल्याचा पिवळा तुकडा लावला. तेव्हापासून जोतीरामची एक सवय झाली. झोप लागायच्या आधी त्याचा हात चाचपडत त्या पिवळ्या ठिगळावर यायचा. ठिगळ सापडलं की झोप लागायची. मी कुठल्या राज्यात आहे याचं मला भान नसायचं, पण त्याच्या हाताला ठिगळाचा पत्ता पाठ होता.

आमचे मालक वर्धमानअण्णा. परतीचा माल लवकर मिळाला नाही तर ते फोनवर ओरडायचे, "रिकामी आण गाडी. तिथं काय सासरवाडी हाय काय तुझी?" जोतीराम त्या शिवीवर खूष असायचा. शिवी म्हणजे घरी निघायची परवानगी.

मग अण्णांचे चिरंजीव अभिनंदनसाहेब पुण्याहून व्यवस्थापन शिकून आले. मनाने चांगले. ड्रायव्हरही माणूसच आहे, हे त्यांनी पडद्यावर रंगीत आलेख दाखवून सिद्ध केलं. समोर बसलेल्या ड्रायव्हरांना त्याची थोडीफार शंका होतीच, पण आता खात्री पटली. यापुढे कोणीही गाडीत झोपायचं नाही, असं ठरलं. माल उतरला की हॉटेल. एसी, गरम पाणी, सकाळी फुकट नाश्ता.

यात वाईट काहीच नव्हतं. फक्त एक गोष्ट झाली, ती आलेखात नव्हती. ड्रायव्हर गाडीत आखडून पडलेला असायचा तेव्हा त्याला लवकर परत आणावं असं सगळ्यांना वाटायचं. आता तो मऊ गादीवर होता. मग घाई कशाला? चांगल्या भाड्याचा माल मिळेपर्यंत थांबू द्या. थांबणं वाढत गेलं. पूर्वी जोतीराम घरापासून लांब झोपायचा, आता घरापासून लांब राहू लागला.

पहिल्यांदा त्याने मला काखेत मारून हॉटेलात नेलं. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वतःलाच खाजायला लागले. खोलीतली गादी पांढरीशुभ्र होती, तिच्यावरची रजई ढगासारखी. जोतीरामने मला रजईच्या वर पसरलं आणि तो आंघोळीला गेला. बाहेर आला तेव्हा खोली साफ करणारा माणूस येऊन गेला होता. मी बाथरूमच्या दाराशी घडी घालून पडले होते. तानाबाईंचं इरकली लुगडं, जोतीरामच्या वडिलांचा फेटा, निशूचं झबलं, सगळ्याचं मिळून पायपुसणं झालं होतं. त्या बिचाऱ्याची चूक नव्हती. त्या खोलीत माझ्यासारख्या वस्तूला दुसरी जागाच नव्हती.

जोतीराम ओल्या पायांनी मला ओलांडून गेला, त्याने मला झटकलं आणि खाली गाडीत नेऊन ठेवलं. त्यानंतर मी गाडीत झोपायची आणि तो वर. एका छपराखाली नसलेल्या दोन माणसांसारखे आम्ही. रात्री त्याचा हात कुठे जात असेल, याचा मी विचार करायची. पांढऱ्या रजईला ठिगळ नव्हतं.

गावात मात्र त्याची कीर्ती झाली. फोनवर तानाबाई म्हणायच्या, "खोली दाखव की रं. ह्ये बघ, चिमणाबाई आल्या." शेजारच्या चिमणाबाई फोनमध्ये डोळा घालून एसी बघायच्या. "बया, न्हाणीघर आपल्या सोप्याएवढं हाय की." मग निशूला फोन मिळायचा. ती पांढऱ्या गादीवरच्या त्या माणसाला हात हलवायची आणि खेळायला पळायची.

असाच एकदा खूप दिवसांनी जोतीराम घरी आला. त्याच्या एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्यावर मी. दारात निशू चिंचोके मांडून बसली होती. तिने वर पाहिलं आणि आत आवाज दिला.

"आई, पावणं आल्यात."

घर हसलं. तानाबाई पदर तोंडाला लावून हसल्या, संयोगिता चुलीपुढे हसली, चिमणाबाई कुंपणापलीकडून हसल्या. सगळ्यात मोठ्याने जोतीराम हसला. पण मी त्याच्या खांद्यावर होते. तो हसताना त्याचा खांदा हलला नव्हता.

निशूचं काही चुकलं नव्हतं. तिने पुरावे पाहिले होते. हा माणूस आला की पाय धुवायला पाण्याचा तांब्या बाहेर येतो. फुटक्या दांडीचे कप आत जातात आणि बशीवाला कप बाहेर येतो. मटण शिजतं, तांबडा-पांढरा रस्सा होतो. आमच्याकडे हे सगळं पावण्यालाच करतात. कोणत्याही कोर्टात तिची बाजू टिकली असती.

मला सोप्याच्या, म्हणजे ओसरीच्या कठड्यावर वाळत टाकलं होतं, तिथून मला सगळं दिसत होतं. सकाळी जोतीरामने घागर उचलली तर संयोगिताने हातातून काढून घेतली. "ठेवा ती. आलाय तर बसा की निवांत."

"बसूनच हाय की मी. सीटवर बी बसूनच, हाटेलात बी बसूनच. आज आमटी कर."

"आमटी? तुमी आल्यावर आमटी करू? लोक काय म्हणतील?"

"लोक जेवाय येणार हाईत काय?"

"काय बाई बोलणं. मटण गोड लागंना व्हय तुमास्नी?"

"गोड लागतंय. रोजच्यागत लागत न्हाय."

 संयोगिताने घागर कमरेला लावली आणि ती नळाला गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. पाणी हिंदकळलं असेल.

रात्री तानाबाईंनी पेटी उघडली आणि माझी सवत बाहेर काढली. मखमली, कोरी, डांबरगोळ्यांच्या वासाची. जोतीराम म्हणाला, "आई, माझी वाकळ दे. कठड्यावर हाय बघ."

"असू दे तिकडं. डिझेलचा वास मारतीया. एवढ्या लांबनं आलाईस, चांगल्या वाकळंवर झोप की."

आईच्या मायेपुढे कोणाचं काही चालत नाही. तो मखमलीवर आडवा झाला. कठड्यावरून मला त्याचा हात दिसत होता. तो कापडावरून फिरत राहिला आणि त्याला काही सापडलं नाही. मित्रांनो, हॉटेलात मी त्याच्यापासून चार मजले लांब असायची. त्या दिवशी चार हातांवर होते, आणि तेच जास्त लांब वाटलं.

सुट्टी संपल्यावर जोतीराम अण्णांच्या ऑफिसात गेला. गाडी धुवायला लावली होती म्हणून मी त्याच्या काखेतच होते. अभिनंदनसाहेब उठून उभे राहिले. जोतीरामच्या कामावर खूष होऊन त्यांनी त्याला आणखी लांबची लाईन दिली होती. पगार जास्त, हॉटेल मोठं, वर जायला लिफ्ट.

जोतीराम म्हणाला, "साहेब, दुधाच्या गाडीवर माणूस मिळालाय काय?"

दुधाची गाडी म्हणजे अण्णांचा लहान टेम्पो. शिरोळकडच्या गावांचं दूध गोळा करून कोल्हापूरला पोचवायचं. पहाटे निघायचं आणि दिवस मावळताना घरी. पगार कमी आणि मान त्याहून कमी. लाईनवरचा ड्रायव्हर दुधाच्या गाडीवर आला की लोक समजतात, डोळे गेले किंवा काहीतरी भानगड झाली.

"जोतीरामदादा, तुमची तक्रार काय हाय ते सांगा," अभिनंदनसाहेब म्हणाले. "एसी चालत न्हाय काय?"

"चालतोय."

"नाश्ता?"

"झकास असतोय."

"कोण उलटं बोललं?"

"तिथं सगळी मला सर म्हणत्यात, साहेब. घरी गेलो तर पोरगी पावणं म्हणती. मला कुठंतरी, ऊठ रं, पाणी भर, असं म्हटलेलं पायजे."

अभिनंदनसाहेबांनी टेबलावरचा कागद उचलला, पाहिला आणि ठेवला. या मागणीसाठी रकाना नव्हता.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर वर्धमानअण्णा टोपी घालून घरी निघायच्या तयारीत बसले होते. दिवस कलला होता. अण्णा दिवस मावळल्यावर जेवत नाहीत आणि बाहेरचं खात नाहीत. त्यामुळे धंद्यात कितीही गडबड असली तरी सूर्य बुडायच्या आत ते घरी ताटावर असतात, हे साऱ्या बाजाराला माहीत होतं. ते काठीवर जोर देऊन उठले.

"अभि, मी जन्मभर दिवस असताना घरी गेलो. लोक म्हणायचे, अण्णा धर्माचे पक्के. धर्म होताच. पण त्या निमित्तानं तुमच्या सगळ्यांची तोंडं रोज बघायला मिळाली, हे मी कुणाला सांगितलं न्हाई. ह्या ड्रायव्हरांच्या जिवावर मी घरी जेवलो. तू आज कुठं जेवणार हाईस?"

अभिनंदनसाहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांची रात्री एका मोठ्या हॉटेलात बैठक होती.

"देऊन टाक त्याला दुधाची गाडी," अण्णा म्हणाले आणि निघून गेले. जेवायची वेळ झाली होती.

घरी तानाबाईंनी कपाळाला हात लावला. "हाटेलात ऱ्हाणारा माणूस दूध वाहणार? आता चिमणाबाईला काय सांगू मी?"

"सांग, हाटेल बंद पडलं."

पण मित्रांनो, पावणा घरचा व्हायला वेळ लागतो. जोतीराम रोज संध्याकाळी येऊ लागला तरी सवय मोडेना. आधी मटण गेलं, कारण रोज परवडेना. मग बशी गेली. एका संध्याकाळी फुटक्या दांडीच्या कपात चहा आला, तेव्हा जोतीरामने तो कप फिरवून फिरवून पाहिला. संयोगिताने विचारलं, "काय बघताय? चहाच हाय." पण तांब्या अजून बाहेर यायचा, आणि रात्री पेटी उघडायची. मी कठड्यावरच होते. घरात येऊनही घराबाहेर. माझ्या पोटातल्या भाकरीच्या कोराचा तेव्हा मला फार आधार वाटायचा.

मग एक दिवस संयोगिताचे मामा आकाराम गगनबावड्याहून आले. योग असा, की एसटीतून ते उतरले आणि जोतीरामही त्याच वेळी गाडी लावून आला. दोघे बरोबरच दारापाशी पोचले. निशू पायरीवर बसली होती. तिने वर पाहिलं.

"आई, पावणं आल्यात."

जोतीरामचा पाय पायरीवरच थांबला. चप्पल अर्धी निघालेली तशीच राहिली. मी कठड्यावरून पाहत होते, आणि त्या माणसाकडे मला बघवेना.

निशू उठली. तिने आकाराममामांची पिशवी धरली आणि मग जोतीरामच्या मांडीला कोपराने ढकललं.

"बाबा, बाजूला व्हा की. पावण्यास्नी आत येऊ द्या."

आतून संयोगिताचा आवाज आला, "आणि तिथंच उभं ऱ्हाऊ नका. नळाला पाणी आलंय, घागर घ्या. मामा, तुमी बसा."

जोतीरामने घागर घेतली. नळाला गर्दी होती. तो भांडून पाणी भरून आला, दोनदा.

रात्री पेटी उघडली आणि मखमलीची वाकळ मामांना मिळाली. पावण्याची ती पावण्याला. घरात दुसरी चांगली नव्हती, म्हणून तानाबाईंनी कठड्यावरून मला ओढलं आणि जोतीरामच्या अंगावर टाकलं. "घे. आजच्या दिवस ह्येच्यात भागव," त्या म्हणाल्या.

हात आला. पिवळ्या ठिगळावर थांबला.

तर मित्रांनो, माझं एवढंच सांगणं आहे. वाकळीला अधूनमधून ऊन दाखवा, सुटलेला टाका वेळेवर घाला आणि तिचा वास आला तरी तिला पायाशी टाकू नका. आणि तुमच्या घरचं कोणी लांबून कामावरून येत असेल, तर त्याला चांगला कप देऊ नका. एक घागर द्या.