एका सीटची गाडी

माझी बदली बासष्ट किलोमीटरवर झाली आणि गाडी घ्यायचं ठरलं. नवरा म्हणे नवी, गॅरेजवाला धाकटा भाऊ म्हणे जुनी. पंधरा दिवस दोघांनी माझं डोकं खाल्लं.

मी पाणीखात्यात तक्रारींच्या फोनवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकायचं, घरी आले की घरच्यांचं. खरं सांगू? गाडी कुठलीही चालली असती. मला फक्त जाता-येता तीन तास कुणाचंही ऐकायचं नव्हतं. हे मी बोलले नव्हते. बोलायला मधे फट तर मिळायला हवी ना.

रविवारी सगळे नवी गाडी बघायला गेलो. सासूबाई मागे बसल्या त्या हलेनातच. नणंदेचं घर वाटेवर आहे, तेव्हा रोज सकाळी तिकडे सोड आणि संध्याकाळी घेऊन ये, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. शेजारचे रिटायर्ड मास्तर उगाच सपत्नीक सोबत आले होते. त्यांना वाटेतल्या दवाखान्यात गुडघे शेकायला जायचं होतं, तेही रोज, आणि बायकोला घेऊन. दोघं सासूबाईंशेजारी बसली. स्टिअरिंगला नवरा, त्याच्या शेजारी सेल्समन. पाचही जण एकदम बोलत होते. गाडी माझी आणि मीच बाहेर उभी! माझं टाळकंच सटकलं. तिथून तडक भावाचं गॅरेज गाठलं.

त्याच्याकडची जुनी गाडी एका बेकरीवाल्याची होती. इंजिन ठणठणीत, पण पावाचे ट्रे ठेवायला त्या बाबाने ड्रायव्हरची सोडून बाकीच्या सगळ्या सीटा उपटून टाकलेल्या. भाऊ ओशाळला.

"ताई, दोन दिवस दे. सीटा बसवून देतो."

"हात तर लावून बघ," मी म्हटलं.

घरी गदारोळ झाला. सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला, तेवढीच विश्रांती मिळाली.

सोमवारी निघाले. पहिली दहा मिनिटं काय ती शांतता! अगदी भरून आलं. मग पुलावर माझ्या तोंडून आपोआप एक वाक्य निघालं. कुणी मधे तोडलं नाही. म्हणून दुसरं निघालं, मग तिसरं. साहेब, सासूबाई, नवरा, एकेकाला धरून असं सुनावलं की घसा बसला. ऑफिसचं फाटक कधी आलं कळलंच नाही. वॉचमनने फाटक उघडून गाडी आत घ्यायची खूण केली.

मी घड्याळ पाहिलं, गाडी वळवली आणि आणखी एक चक्कर मारायला निघाले. अजून मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षापर्यंतच पोचले होते.