प्रस्तावानुसार मान्य

सुमेधाने फाइलवर ‘प्रस्तावानुसार मान्य’ लिहून सही ठोकली, पुढची ओढली आणि तिच्यावरही तेच लिहिलं. म्हात्रेसरांनी बोलावल्याचा निरोप दोनदा येऊन गेला होता. कशाला बोलावलंय ते सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. परीक्षा विभागाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या, आणि त्यांचा कार्यभार कुणाच्या गळ्यात पडणार यावर कँटीनमध्ये कुणी पैजही लावली नव्हती, इतकं ते उघड होतं.

विद्यापीठात सहायक कुलसचिव म्हणून तिचं स्वतःचं काम होतंच. त्यावर वसतिगृहाचं काम तात्पुरतं म्हणून आलं, ते जायचं नाव घेत नव्हतं. मग प्रवेशाच्या तक्रारी आल्या, त्याही तात्पुरत्याच. शहाडच्या पाळणाघरातून साडेतीन वर्षांच्या सान्वीला आणायला रोज उशीर होत होता. आज नाही म्हणूनच घरी येईन, असं सकाळी ती नवऱ्याला सांगून निघाली होती. ऋतुराज नुसता हसला होता. त्या हसण्याचाही तिला आता राग येत होता.

कुलसचिव म्हात्रेसरांनी आधी चहा मागवला. म्हणजे काम मोठं होतं.

“सर, मला नाही जमणार,” तिने बसायच्या आत सांगून टाकलं.

“सगळे आधी असंच म्हणतात,” सर प्रसन्नपणे म्हणाले. “अहो, तुम्हाला काय, तुम्ही डोळे मिटून कराल.”

मग ते तिचं कौतुक करत राहिले. कौतुकाला मध्येच तोडता येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. तिच्या मांडीवर मोबाइल थरथरला. पाळणाघरवाल्या सगुणामावशी. सान्वीने डबा खाल्ला नाही, वरणभात देऊ का, एवढं वाचून होतंय तोच सरांनी आदेशाचा कागद तिच्यापुढे सरकवला. तिने टेबलाखाली अंगठ्याने उत्तर पाठवलं आणि मोबाइल पालथा घातला.

“उद्या सांगते, सर.”

नाही म्हणायला आलेली बाई कागद घेऊन बाहेर पडली. त्यात वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीवरून वाद चालला होता, तो मिटवेपर्यंत शिपाई खिडक्या लावू लागला.

ती शहाडला पोचली तेव्हा अंधारलं होतं. सगुणामावशी दारातच उभ्या होत्या. त्या एरवी बडबड करायच्या. भाजी महाग झाली, पाणी आलं नाही, तुझा नवरा कधी न्यायला येत नाही. आज त्यांनी सुमेधाला उशिराची सगळी कारणं सांगून संपवू दिली. मग त्यांनी आपला मोबाइल तिच्यासमोर धरला.

वरणभाताच्या खाली आणखी दोन ओळी होत्या. अंग जरा गरम लागतंय. लवकर न्यायला येतेस का? आणि त्याखाली सुमेधाचं उत्तर: प्रस्तावानुसार मान्य.

“मला काय कळतंय तुमच्या ऑफिसचं,” मावशी म्हणाल्या. “पण मान्य म्हणजे हो, एवढं समजतं. मग मी पोरीला सांगितलं, आई येतेय म्हणून.”

“मावशी, मी पुढचं वाचलंच नाही.”

“दुपारपासून बूट घालून बसलीय. भात आणला तर म्हणे, हात खराब होतील, आई आली की लगेच जायचंय.”

सान्वी आतल्या भिंतीला टेकून झोपली होती. दप्तर पाठीवरच होतं, त्यामुळे मान वाकडी झाली होती. सुमेधाने कपाळाला हात लावला. घाम आला होता, ताप उतरला होता. पर्समध्ये फोन वाजू लागला. म्हात्रेसर. तो वाजून वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला. तिने तो बंदच करून टाकला.

मग ती गुडघ्यांवर बसली. दप्तराचे पट्टे हळूच खांद्यांवरून काढले, मान सरळ केली. बुटाचा पट्टा सोडवला, तसा सान्वीने डोळे न उघडताच पाय ओढून घेतला.

“काढू नको,” ती झोपेतच म्हणाली. “आई येणारे.”

मावशी भांडी आवरायला आत गेल्या. सुमेधाने बुटाचा पट्टा पुन्हा नीट लावला आणि तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसली.