ठेवलेली लोकर

माझ्या जावयाला मी रागावू शकत नाही, ही माझी सध्याची सगळ्यात मोठी अडचण आहे. मुलगा असता तर कान पकडला असता. भाऊ असता तर चार दिवस अबोला धरला असता. जावयाला मात्र 'अहो' म्हणायचं, खुर्ची पुढे करायची आणि त्याने दुकानाच्या काचेवर 'फक्त तीन दिवस!' असा लालभडक कागद चिकटवला की "छान दिसतोय हो" म्हणायचं. पंचवीस वर्षं मी लोकरीचं दुकान चालवते आहे. एवढ्या वर्षांत ती काच मी फक्त पुसली होती.

झालं असं, की त्याची विमा कंपनीतली नोकरी सुटली आणि लेकीचा फोन आला. "आई, हा घरात बसून माझं डोकं खातोय. थोडे दिवस दुकानात येऊ दे ना. मार्केटिंगचा कोर्स पण केलाय त्याने." कोर्स मोबाइलवरचा होता, अकरा तासांचा. मला वाटलं, येईल, लोकरीचे चार गुंडे इकडचे तिकडे ठेवेल, कंटाळेल आणि जाईल. तो कंटाळला नाही.

"आई, गिऱ्हाइकाला घाई झाली पाहिजे," त्याने पहिल्याच दिवशी मला समजावलं. "आत्ता नाही घेतलं तर संपेल, असं त्याला वाटलं पाहिजे."

लोकर घेणाऱ्याला कसली आली आहे घाई? घाई असलेला माणूस तयार स्वेटर घेतो. माझी गिऱ्हाइकं एका बाहीला महिना लावतात, मग गळा चुकला म्हणून अर्धं उसवतात, मग माझ्याकडे येऊन तासभर बसतात. हे सगळं माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हणाले, "तुम्हाला त्यातलं जास्त कळतं."

मग त्याने दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचा फोन नंबर लिहून घ्यायला सुरुवात केली. पत्ता विचारायला आलेल्या माणसाचाही घेतला. रोज सकाळी सात वाजता सगळ्यांना संदेश जाई, दुपारी दुसरा. शाळेच्या ग्रंथपाल बाई वीस वर्षांपासूनच्या गिऱ्हाईक. त्या दारातूनच म्हणाल्या, "अहो, तुमच्या दुकानाला झालंय तरी काय? मी दात घासत असताना मला विचारतंय की तुम्ही अजून आला कशा नाहीत." मी हसून साजरं केलं. आतून अंगाचा तिळपापड झाला होता.

तरी इथवर ठीक होतं. त्या गुरुवारी मी मागच्या खोलीत गेले आणि रॅकचा खालचा कप्पा रिकामा दिसला.

त्या कप्प्यात माझ्या पिशव्या असतात. लोकरीचा रंग दर खेपेला वेगळा उतरतो. डब्यावरचा नंबर तोच असतो, पण एका घाण्याची, म्हणजे एका वेळी रंगवलेली, लोकर दुसऱ्या घाण्याच्या लोकरीला तंतोतंत जुळत नाही. दुकानातल्या दिव्याखाली फरक कळत नाही. स्वेटर पुरा होतो, माणूस उन्हात उभा राहतो, आणि एक बाही वेगळी दिसते. म्हणून सगळी लोकर एकदम घ्यावी लागते. ते प्रत्येकीला जमत नाही. तेव्हा मी सांगते, आज दोन गुंडे न्या, बाकीचे मी ठेवते, विणून होईल तसे या. आगाऊ काही घेत नाही, चिठ्ठी करत नाही. ठेवते म्हणाले, म्हणजे ठेवते. माझी जाहिरात म्हणाल तर एवढीच.

"आई, तो जुना माल ना?" जावई खुशीत म्हणाला. "सगळा नाही गेला, नऊ पिशव्या उरल्या, त्या पुढे मांडल्यात. पण पाच पिशव्या एका दुपारात गेल्या. अर्ध्या किमतीत."

मी पुढे जाऊन उरलेल्या नऊ पिशव्या तपासल्या. विकलेल्या पाचांत पोस्टातल्या बाईंची विटकरी लोकर होती. त्यांचा भाऊ शीतगृहात काम करतो, दिवसाचे आठ तास बर्फात. त्याच्यासाठी त्या उंच गळ्याचा जाड स्वेटर विणत होत्या, पाच महिन्यांपासून. आता एक बाही राहिली होती. तिचे तीन गुंडे शनिवारी न्यायला येणार होत्या. त्या घाण्याची लोकर आता कारखान्यातही नव्हती.

"अहो, पण मला विचारायचं तरी," मी म्हणाले.

"विचारलं होतं की." तो गोंधळला. "सोमवारी. मागच्या पिशव्यांचं काय करू म्हटलं. तुम्ही म्हणालात, तुमचंच दुकान आहे, करा काय करायचं ते."

म्हणाले होते. अगदी याच शब्दांत. समोर ग्रंथपाल बाई बसल्या होत्या, मी त्यांचे टाके मोजत होते आणि हा तिसऱ्यांदा काहीतरी विचारायला आला होता. जावयाला 'गप बसा' म्हणता येत नाही, म्हणून मी दुकान देऊन टाकलं होतं. पिशवीवर नाव नाही, कागद नाही. कोणत्या शहाण्याला कळलं असतं की ती लोकर कोणाची आहे? मला त्याचा संताप आला होता, आणि आता तो धरायलाही जागा उरली नाही, याचा आणखी संताप आला.

"त्या सगळ्यांचे नंबर आहेत माझ्याकडे," तो हळूच म्हणाला. "सगळ्यांना एकदम मेसेज टाकू?"

"मेसेज टाकलात तर बघा," मी म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं बोलले. "एकेकाला फोन करा. आणि खरं काय ते सांगा."

त्याने केले. मी शेजारी बसून ऐकत होते. पहिल्या फोनला त्याने 'एक खास संधी' अशी सुरुवात केली, मी नुसतं बघितलं, तो थांबला. दुसऱ्या फोनपासून सांगू लागला, "माझ्याकडून चूक झाली. ती लोकर दुसऱ्या कोणासाठी ठेवलेली होती." संध्याकाळपर्यंत चार पिशव्या परत आल्या. विटकरी मात्र नाही. ती दाताच्या डॉक्टरांनी नेली होती.

"विणता का हो तुम्ही?" मी त्याच्या हातातून फोन घेऊन आशेने विचारलं.

"छे. टोमॅटोची रोपं बांधलीत," डॉक्टर म्हणाले. "सुतळीने खोड कापतं. आणि तुमच्याकडे एवढं स्वस्त होतं."

मी कपाळाला हात लावला.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या ऐवजी सासू-जावई डॉक्टरांच्या गच्चीवर उकिडवे बसले होते. दोन गुंडे सुदैवाने अख्खे होते. तिसऱ्यातली निम्मी लोकर त्यांनी हात-हात लांबीची कापून रोपांना बांधली होती, आणि गाठी अशा की दात उपटणाऱ्या माणसालाच जमाव्यात. आम्ही एकेक गाठ सोडवायची आणि तिथे जुन्या साडीची पट्टी बांधायची, हा डॉक्टरांशी झालेला करार. एकूण त्रेपन्न तुकडे निघाले. जावयाने एकही रोप मोडलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. माझ्याकडून दोन मोडली.

दुकानात येऊन मी तुकडे धुतले, वाळवले आणि त्याला जोड शिकवला. अस्सल मेंढीची लोकर असेल तर गाठ मारावी लागत नाही. दोन्ही टोकं उकलायची, एकावर एक ठेवायची, पाण्याचं बोट लावायचं आणि तळव्यांत जोरात चोळायचं. उष्णतेने तंतू एकमेकांना धरतात. प्रत्येक जोडात बोटभर लोकर कमी होते.

"आई, हे तर कोणाला दिसणारसुद्धा नाही," तो पंधराव्या जोडाला म्हणाला.

"दिसू नये म्हणूनच करतोय."

तिसाव्या जोडाला त्याचे तळवे लाल झाले. मी म्हटलं, राहू द्या, मी करते. त्याने मान हलवली आणि चोळत राहिला. त्या दिवशी सात वाजताचा संदेश गेला नव्हता, हे आम्हा दोघांच्याही खूप उशिरा लक्षात आलं.

शनिवारी पोस्टातल्या बाई आल्या. मी ठरवलं होतं की त्याचं नाव घ्यायचं नाही, पण तो स्वतःच पुढे झाला आणि सगळं सांगून टाकलं, टोमॅटोसकट. बाई हसल्या नाहीत. गुंडा हातात घेऊन दारात गेल्या, उन्हात धरला, धागा ओढत ओढत प्रत्येक जोड बोटांनी चाचपला. मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही ठेवते म्हणाला होतात," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हणून मी बिनघोर होते. नाहीतर उसनेपासने करून पहिल्याच दिवशी सगळी नेली असती."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. बाईंनी गुंडे पिशवीत घातले. "जोड चांगले आहेत," त्या जावयाला म्हणाल्या. "काखेकडच्या बाजूला घेईन." आणि मला पूर्वीसारखं 'येते हं' न म्हणता गेल्या.

दुपारी जावई चिठ्ठ्या आणि पेन घेऊन बसला. "आई, एकेक पिशवी सांगा. मी नाव लिहितो."

मी दिमाखात सुरुवात केली. ही ग्रंथपाल बाईंची. ही शिवणवाल्या मावशींची. पोस्टातल्या बाईंची गेल्यावर तेरा पिशव्या होत्या. दहावर नावं लागली आणि मी अडकले. एक राखाडी, एक मोरपंखी, एक फिकट पिवळी. मी पिशव्या उघडल्या, लोकर नाकाला लावली, डोळे मिटून बसले. आठवेना. कोणाला तरी मी ठेवते म्हणाले होते, आणि कोणाला ते मला माहीत नव्हतं. या पिशव्या त्याने विकल्या असत्या तर मला कळलंही नसतं.

त्याने फोन काढला आणि संदेश लिहून मला दाखवला: 'आमच्याकडे तीन पिशव्या ठेवलेल्या आहेत. राखाडी, मोरपंखी, पिवळी. तुमची असेल तर सांगा. घाई नाही.'

"टाका," मी म्हणाले.

राखाडीवाल्या बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. मोरपंखीला दोन आठवडे लागले. तेवढ्यात तिघीचौघी नुसत्याच डोकावून गेल्या. 'तुम्ही ठेवता, हे माहीतच नव्हतं,' म्हणाल्या. लाल कागद त्याने स्वतःच खरवडून काढला. त्याचा डिंक अजून काचेला आहे.

पिवळीचं कोणीच आलं नाही. महिना गेला, दीड महिना गेला. काल तो कप्पा झाडत होता तेव्हा मीच म्हणाले, "अहो, ती पिवळी आता काढून टाकू या. किती दिवस ठेवायची?"

त्याने पिशवी उचलून माझ्यापुढे धरली. तिच्यावर चिठ्ठी होती, त्याच्या अक्षरात, केव्हाची लावलेली कोण जाणे: 'कोणाची तरी आहे. विकायची नाही.'

"आईंनी ठेवते म्हटलंय," तो म्हणाला, आणि पिशवी जागच्या जागी ठेवून दिली.