बाल्कनीच्या कडीला बांधलेली ओढणी

“बाळावर सगळेच लक्ष ठेवतील. तू स्वतःवर ठेव. मनात काही वेडंवाकडं यायला लागलं तर दडवू नकोस, इकडे ये,” दवाखान्यातून घरी सोडताना सिस्टर म्हणाल्या होत्या. मी सईच्या पायाच्या बोटांचे फोटो काढण्यात गुंग. “हो हो,” म्हटलं झालं. एमएस्सी झालेल्या बाईला काय वेडंवाकडं सुचणार!

पनवेलजवळ करंजाड्यातलं आमचं घर दहाव्या मजल्यावर. बाळंतपणानंतर ते जमिनीपासून सुटल्यासारखंच झालं. खोलीत ओव्याच्या धुरीचा निळसर धूर तरंगायचा, त्यात पाळणा तरंगायचा, मीही. सकाळ कुठे गेली, दुपार कधी आली, कळायचं नाही. बाहेर एखादं विमान उतरायला लागलं की त्याचा आवाज भिंतींतून पाण्यासारखा झिरपायचा. वाटायचं, आपण खाडीच्या तळाशी आहोत आणि वरून कुणाची तरी होडी चाललीय.

तसंच एकदा सईला खांद्यावर घेऊन बाल्कनीत उभी होते. ऊन कोवळं होतं. आणि डोळ्यांसमोर माझेच हात कठड्यापलीकडे गेले, रिकामे परत आले. सई तर खांद्यावर उचक्या देत होती.

मी आत आले. दार लावलं. कडीवर विश्वास बसेना, म्हणून तिला ओढणी गुंडाळून गाठ मारली. मग त्या गाठीवर आणखी गाठ.

कुणी काही विचारलंच नाही. बाळंतिणीला वारा लागू नये, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ. “आजकालच्या मुली चार दिवसांत मॉलमध्ये फिरतात,” सासूबाई फोनवर नणंदेला सांगायच्या, “आमची आभा बघ, सव्वा महिना उलटला तरी दार उघडत नाही.” मालीश करायला चिरनेरहून येणाऱ्या कमळाबाईही खूश. “बरा केलास पोरी. ह्यो वारा लय वायट, आंगात शिरला का निंगत नाय.” निनाद म्हणाला, “किती शांत झालीयेस गं! काही कटकटच नाही तुझी.”

मी मान हलवायचे. माझी भीती अशी गुणी सुनेचे कपडे घालून घरभर वावरत होती. पुढे पुढे मी सईला घेईनाशी झाले. “आई, तुमच्याकडेच शांत राहते ती,” म्हटलं की सासूबाईंचा चेहरा फुलायचा. सई पलीकडच्या खोलीत रडली की मी हात मांडीखाली दाबून बसायचे.

मग समोरच्या फ्लॅटमधली हेतल काटलुं, म्हणजे गुजराती बाळंतिणींची सुंठ-डिंकाची वडी, घेऊन आली. पाळण्याकडे गेलीच नाही, थेट माझ्याशेजारी बसली.

“केवढा उकाडा! वाफवायला ठेवलंय काय स्वतःला? ढोकळा होशील, आभा.” हसत दार उघडायला उठली आणि ओढणीपाशी थबकली. गाठींवरून बोट फिरवलं. “हवा आत येऊ नये म्हणून दार लावतात. हे तर कोणी बाहेर जाऊ नये म्हणून बांधलंय. कोण?”

“मी,” म्हणाले. आणि मग ते हात, तो कठडा, सगळंच सांगून टाकलं.

आता ही उठेल, सईला उचलेल, मला कोंडेल, असं वाटलं. तिने काटलुंचा तुकडा माझ्या तोंडात घातला. “माझ्या बाळंतपणानंतर मला सुरी बघून व्हायचं तसं. मी पूजा वाढवली, उपवास केले, पण बोलले नाही कोणाला. पूर्ण एक वरस गेलं. तू नको घालवू.”

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी डोळे मिटले.

“नजर लागलीय हिला,” त्या पुटपुटल्या.

“काढा ना मासी, नजर पण काढा,” हेतल म्हणाली, “पण लवकर हां. रिक्षा बोलावते मी.”

सासूबाई मीठमोहरी घेऊन आल्या. आजवर ती रोज सईवरून उतरायची, त्या दिवशी माझ्यावरून उतरली. पण चपला माझ्याआधी त्यांनीच घातल्या.

पनवेलच्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “असे विचार कितीतरी आयांना येतात. तुम्हाला नको असताना येतात, म्हणून तर एवढी भीती वाटते. हा आजार आहे, बरा होतो. वेळेवर आलात.” गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला जाऊन बोलणंही. मला झोप मिळावी म्हणून निनाद सईला सांभाळायला लागला. घर हळूहळू खाली उतरलं, जमिनीला टेकलं. ते चित्र अजून कधीतरी येतं, पण फिकट, आणि थांबत नाही. सई आत्ता माझ्या मांडीवर झोपलीय. एका हाताने लिहितेय.

तुमच्या ओळखीत कुणी नुकतीच बाळंत झाली असेल आणि ‘हिचा काही त्रासच नाही’ असं सगळे म्हणत असतील, तर आज तिच्याकडे जा. बाळ झोपलं असेल तर झोपू दे. तिच्याजवळ बसा, ‘तू कशी आहेस?’ एवढंच विचारा आणि गप्प राहा. ती ‘बरी आहे’ म्हणेल. तरी लगेच उठू नका.