चाळीस सेकंदांची बातमी

केबलगाडीच्या डब्यात समोरच्या बाईनं फोन आरशासारखा तोंडासमोर धरला, बोटानं एक ठिपका दाबला आणि त्यातून नोएमीचा आवाज आला.

"'वीस मे' वस्तीतल्या शाळेच्या दारातून आज सकाळी आठच्या सुमारास चार वर्षांच्या बालकाला पळवून नेण्यात आलं. तपकिरी शाल पांघरलेली, पाठीवर पट्ट्यापट्ट्यांचं गाठोडं असलेली एक बाई औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर..."

नोएमीनं आधी आपलाच फोन चाचपला. चुकून लागला असेल. पण तो दप्तरात होता, बंद.

"मावशी, हे कुठून आलं तुमच्याकडे?"

"बहिणीनं पाठवलं. वाईट झालं बघ. तुला लेकरू आहे का?"

"आहे. चारच वर्षांची. पण मावशी, हे खरं नाही. हा माझा आवाज आहे. कॉलेजचा अभ्यास आहे तो, बातमी वाचायचा सराव."

बाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. पायात बूट, मांडीवर वह्या, थंडीनं फुटलेले ओठ. "पोरी, ही रेडिओवरची बाई आहे," ती समजुतीच्या सुरात म्हणाली आणि पुन्हा तोच ठिपका दाबला.

खाली ला पाझची छपरं लहान लहान होत चालली होती. वर पठारावरच्या एल आल्तोचं स्टेशन यायला अजून नऊ मिनिटं होती, आणि या डब्यातून कुणाला मध्येच उतरता येत नाही.

काल संध्याकाळी नाइराला झोपवून, तोंडाशी उशी धरून, नोएमीनं ती बातमी वाचली होती. अर्गोयो सरांनी वर्गात सांगितलं होतं, "बनावट बातमीसुद्धा कोपऱ्याच्या नावानं लिहा. ऐकणाऱ्याला आपला कोपरा दिसला की तो कान देतो." म्हणून तिनं स्वतःचीच वस्ती घेतली, नाइराची शाळा घेतली, रोजचं औषधाचं दुकान घेतलं. विषय शोधावाच लागला नाही. तिच्या डोक्यात दिवसभर दुसरं चालतच काय असे? वेळेची मर्यादा होती चाळीस सेकंद. भरले त्रेचाळीस. मग तिनं सुरुवातीचे शब्द कापले: "हा अभ्यासासाठीचा सराव आहे." सरांना माहीतच होतं की. शिवाय हौसेनं नणंदेलाही पाठवली, खाली लिहिलं, "ऐक गं, कसा वाटतो आवाज?"

तिनं दप्तराची चेन ओढून फोन काढला, चालू केला. 'जागते शेजारी' या वस्तीच्या गटावर दोनशे बारा निरोप. रोज सकाळी पन्नासेक असायचे. कुणाचं कुत्रं हरवलं, कुणाकडे पाणी आलं नाही, कुठे रस्ता अडवलाय, कोणत्या मंत्र्यानं काय चोरलं. ती ते पावाबरोबर चहा प्यावा तसे वाचून टाकायची आणि प्रत्येकाला मनात सरांचे तीन प्रश्न विचारायची: कोणी पाहिलं, कधी पाहिलं, कोण सांगतंय. आज पहिल्याच निरोपात तिचा आवाज होता. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, 'पुढे पाठवलेले' एवढंच. मग रडक्या चेहऱ्यांच्या रांगा. मग, "आमच्या शेजारणीनं पाहिली ती बाई." मग, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, "सापडली!!! औषधाच्या दुकानापाशी. शिट्ट्या वाजवा, सगळे या."

फोटो होता. साठीची एक बाई, गोल टोपी खाली पडलेली, तपकिरी शाल, पट्ट्यांचं गाठोडं. एल आल्तोतल्या प्रत्येक तिसऱ्या बाईकडे तशी शाल असते आणि प्रत्येक दुसरीच्या पाठीवर तसं गाठोडं. तिच्या घागऱ्याला धरून एक मुलगा तोंड वासून रडत होता. दोघं विजेच्या खांबाला टेकून उभी, आणि बाईचे हात मागे.

तो खांब नोएमीला चांगला माहीत होता. त्याच्यावर चिंध्यांचं बाहुलं लटकवलेलं होतं, गळ्यात पाटी: चोर सापडला तर जिवंत जाळू. नाइरा त्याला "वरचे काका" म्हणायची. वस्तीनं ते हौसेनं लावलं नव्हतं. तीन वर्षांत अकरा घरं फोडली गेली, आणि पोलिसांनी प्रत्येक वेळी सांगितलं, उद्या या.

तिनं लिहिलं, "ती बातमी खोटी आहे. मी कॉलेजसाठी बनवली. बाईला सोडा, हात जोडते."

लगेच उत्तर आलं. "ही कोण?" "चोरांचीच माणसं गटात घुसलीत." "अध्यक्ष, काढा हिला." पुढच्या क्षणी पडद्याखाली राखाडी अक्षरं उमटली: आता फक्त प्रमुखच लिहू शकतात.

वस्तीचे अध्यक्ष सेवेरो तार्की फोन उचलेनात. पोलिसांनी उचलला. एकच गाडी आहे, ती दुसरीकडे गेली आहे, पाठवतो. तेवढ्यात नणंदेचा, देलियाचा फोन आला.

"वहिनी, अगं कुठे आहेस? काळजी करू नकोस, नाइराला मी आज शाळेत पाठवलंच नाही. दार लावून बसलोय दोघी. तूच तर बातमी दिलीस!"

"देलिया, ती बातमी तू कुणाला पाठवलीस?"

"माझ्या भजनाच्या बायकांना. म्हटलं बघा, आमची वहिनी रेडिओवर लागली! मला काही बोलली नाहीस ते. लपवून ठेवलंस होय गं?"

"मी रेडिओवर नाही लागले. ते खोटं आहे. सराव आहे. मूल हरवलेलंच नाही कुणाचं."

पलीकडे मागून नाइरा कसलं तरी गाणं म्हणत होती.

"पण आवाज खरा होता गं," देलिया म्हणाली. मग एकदम तिचा सूर उतरला. "वहिनी, तू तिकडे जाऊ नकोस. माझं ऐक. खिडकीतून दिसतंय मला, शंभर माणसं आहेत. तू सांगितलंस की तूच केलंस, तर त्या बाईला सोडून तुला बांधतील. या लेकराला मी काय सांगू?"

डबा स्टेशनात शिरला. नोएमी दार पूर्ण उघडायच्या आत बाहेर पडली.

औषधाच्या दुकानाचा कोपरा तिच्या घरापासून चार दारांवर. गल्लीच्या तोंडाशी ती क्षणभर थांबली. उजवीकडे आपलं निळं पत्र्याचं दार, त्याच्या आत नाइरा. समोर माणसांच्या पाठी, शिट्ट्या, धूळ. कोणी म्हणत होतं, "विचारा अजून एकदा, मूल कुठे विकलं!" मिनीबसवाला एलियोदोरो प्लास्टिकची बाटली हातात धरून उभा होता. बाटलीतलं पिवळट पाणी म्हणजे पाणी नव्हतं, ते वासावरून कळत होतं.

ती पाठींमधून घुसली.

"अध्यक्ष! अध्यक्ष, थांबा. ती बातमी माझी आहे."

सेवेरो तार्की वळले. गळ्यात शिट्टी, डोळे लाल. रागानं की रडून, सांगता येईना. "कालिसायांची सून ना तू? घरी जा. मूल आहे तुला."

"बातमी मी बनवली. सरांनी सांगितलं म्हणून. ही बाई निर्दोष आहे."

"बातमी रेडिओवर लागली."

"कुठल्या रेडिओवर? कोणी ऐकली रेडिओवर?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. सगळ्यांनी फोनवरच ऐकली होती. पण प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्यानं रेडिओवर ऐकली असेल. या पठारावर रेडिओनं मेंढी हरवल्याचं सांगितलं की मेंढी शोधायला निघतात, मयत सांगितलं की काळे कपडे घालतात. लिहिलेलं खोटं असू शकतं. त्या आवाजात बोललेलं नाही.

"ही शिकलेली माणसं," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "चोराची बाजू पहिली हीच घेणार!"

"हिचं काय जातंय सांगायला? वकील व्हायचंय वाटतं!"

खांबाशी म्हातारीनं मान वर केली. खालचा ओठ फुटला होता. "माझ्या लेकीचं पोर आहे," ती आयमारा बोलीच्या वळणात पुटपुटली. "गावाहून आणलं. लेक इथंच शिवणकाम करते. कारखान्याचं दार सापडेना."

"फोन उचलत नाही तिची लेक!" एलियोदोरो ओरडला. "खरी लेक असती तर उचलला असता!"

समोरच फोर्तुनाता मावशी होती, कोपऱ्यावर उकडलेल्या मक्याची कणसं विकणारी, नाइराला रोज एक दाणेदार तुकडा फुकट देणारी. तिच्या हातात फोन होता. नोएमीनं तिचं मनगट धरलं.

"मावशी, ती बातमी लावा. मोठ्यांदा लावा."

"कशाला गं आता?"

"लावा म्हणते ना!"

फोर्तुनातानं ठिपका दाबला. नोएमीनं पाय रोवले, हनुवटी उचलली, सर सांगतात तसा पोटातून श्वास घेतला. आणि फोनबरोबर बोलू लागली. 'वीस मे' वस्तीतल्या शाळेच्या दारातून. आज सकाळी आठच्या सुमारास. तोच ठेका, 'बालकाला'वर तेवढंच थांबणं, 'सांगण्यात येते'चा तोच उतार. दोन आवाज एकावर एक बसले, जणू एकच बाई दोन तोंडांनी बोलत होती. गर्दी आधी कुजबुजली, मग गप्प झाली. चाळीस सेकंद शिट्टी वाजली नाही.

बातमी संपली.

"मग ते मूल?" फोर्तुनातानं विचारलं.

"नाहीच मावशी. मी रचलं."

"मी सकाळपासून त्याच्यासाठी मेणबत्ती लावून बसलेय."

"चुकलं माझं."

फोर्तुनातानं तिच्या थोबाडीत मारली. जोरात नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. नोएमीनं गालाला हात लावला नाही. कोणीतरी ओरडलं, "हिलाच बांधा!" दोघी-तिघी पुढे सरकल्या. एकीनं तिच्या वेणीला हात घातला.

"हात काढ!" सेवेरो म्हणाले. "आधी कारखाने बघा. शिवणाचे आहेतच किती, चार. जा दोघी, दार वाजवा."

त्या दोघी परत येईपर्यंत कोणी हललं नाही. नोएमीची वेणी त्या बाईच्या मुठीतच होती. आपण निळ्या दाराकडे बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. बघितलं तर पाय पळतील. खिडकीत नाइरा उभी असेल का? देलियानं पडदा ओढला असेल ना?

मग गल्लीच्या टोकाकडून एक तरुण बाई धावत आली. छातीवर दोऱ्याचे तुकडे, बोटात अजून शिवणाचं अंगुस्तान. "आई!" ती किंचाळली. मुलगा म्हातारीचा घागरा सोडून तिच्याकडे झेपावला, आणि पुढे कुणाला काही विचारावं लागलं नाही. कारखान्यात फोन पेटीत ठेवायला लावतात, ती रडत सांगत होती, सात वाजता देतात.

सेवेरोंनी स्वतः दोरी सोडली. एलियोदोरोनं बाटलीचं बूच घट्ट केलं आणि ती मिनीबसमध्ये सीटखाली ठेवली, शेजाऱ्याकडून उसनं आणलेलं मीठ परत ठेवावं तशी. माफी कोणी मागितली नाही. माणसं पांगताना एकमेकांकडे न बघता पांगली. पोलीस अजून आले नव्हते. नोएमीनं म्हातारीची टोपी उचलून धूळ झटकली आणि पुढे केली.

"तुझ्या हातातून नको," म्हातारी म्हणाली.

टोपी लेकीनं घेतली.

"आता इथंच उभी राहून खरं काय ते बोल," सेवेरोंनी फोन नोएमीच्या तोंडासमोर धरला. "त्याच आवाजात. मी पाठवतो."

ती बोलली. पण तो आवाज आला नाही. पोटातून श्वासच मिळेना. घशातून जे निघालं ते फाटकं होतं, मध्ये दोनदा हुंदका, एकदा नाकाचा आवाज. "मी नोएमी कालिसाया. ती बातमी खोटी आहे. कोणाचंही मूल हरवलेलं नाही." सेवेरोंनी पुन्हा घेऊ का विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. आणखी चांगलं जमणार नव्हतं.

घरी नाइरा टेबलाखाली बसून बाहुलीला जेवू घालत होती. नोएमीनं तिला उचललं, घट्ट धरलं, इतकं की पोर म्हणाली, "आई, दुखतंय."

देलियानं बटाट्याचं सूप वाढलं. सहा वाजता तिच्या फोनवर भजनाच्या गटाचा निरोप आला. तिनं वाचला, पालथा ठेवला, पुन्हा उचलला.

"काय आहे?"

"काही नाही गं."

"देलिया."

तिनं फोन पुढे केला. नोएमीचा खुलासा तिथे पोचला होता. खाली कुणा अनोळखी बाईनं लिहिलं होतं: "बिचारीला धमकावून बोलायला लावलंय. आवाज ऐका, कसा कापतोय. मूल पळवणारी टोळी मोठी आहे. पहिली बातमी पुढे पाठवा, त्यांनी पुसायच्या आत." त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती, आणि ती वाढतच होती.

नोएमीनं सूप बाजूला सारलं. "तुझ्या गटात किती बायका आहेत?"

"छप्पन. का गं?"

"नंबर दे सगळ्यांचे. फोन करते. एकेकीला."

"वहिनी, वेड लागलंय का? आणि त्यांनी पुढे ज्यांना पाठवलंय, त्यांचं काय?"

"ते त्यांच्याकडून घेईन."

नाइरा मांडीवर चढून बसली. नोएमीनं पहिला नंबर लावला. तीन घंट्यांनंतर कोणीतरी उचलला. मागे स्वयंपाकाचा आवाज होता, लेकरांचा दंगा होता.

"हॅलो, ताई, मी नोएमी बोलते. देलियाची वहिनी."

"कोण? ती रेडिओवाली?"

"नाही हो ताई," नोएमी म्हणाली. "रेडिओवाली कोणी नाहीच. दोन मिनिटं आहेत का तुम्हाला?"